वाचणे आणि वाचविणे

दरवर्षी १४ डिसेंबर हा दिवस भारतातील असंख्य शाळांत एका ठरलेल्या क्रमाने साजरा होतो. सकाळी प्रभातफेरी निघते. विद्यार्थ्यांच्या हाती पुठ्ठ्याचे फलक असतात आणि त्यांवर वीज वाचविण्याची यमकबद्ध आवाहने रंगविलेली असतात. प्रार्थनेनंतर सामूहिक शपथ घेतली जाते, दुपारी निबंध आणि चित्रकला यांच्या स्पर्धा होतात, आणि बक्षीसवाटपाने दिवसाची सांगता होते. राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन म्हणून हा दिवस १९९१ पासून पाळला जातो. पर्यावरण हा विषय शिक्षणक्रमात आवश्यक करावा, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने दिला तोही १९९१ मध्येच. पुढे २००१ साली संसदेने ऊर्जा संवर्धन कायदा संमत केला, मार्च २००२ मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोची स्थापना झाली, आणि २००५ पासून शाळा, राज्य व राष्ट्र अशा तीन पायऱ्यांची चित्रकला स्पर्धा सुरू झाली. या सर्व काळात देशातील लक्षावधी मुलांनी ऊर्जाबचतीवर चित्रे काढली, घोषणा दिल्या आणि शपथा घेतल्या.

या उपक्रमांचे मोल नाकारण्याचे कारण नाही. लहान वयात हातातून उतरलेले चित्र आणि तोंडी बसलेले वाक्य दीर्घकाळ टिकते, हे कोणताही शिक्षक सांगेल. परंतु एक साधा प्रश्न या समारंभांच्या गर्दीत विचारला जात नाही. ज्या विद्यार्थ्याने सकाळी 'वीज वाचवा' अशी घोषणा दिली, त्याला आपली शाळा महिन्याला किती वीज वापरते हे ठाऊक असते काय? शाळेचा मीटर कोठे आहे, त्यावरील आकडा कसा पाहावा, बिल कोणाकडे जाते आणि ते कोण भरते, यांपैकी काहीही त्याला सांगितलेले असते काय? बहुतेक ठिकाणी उत्तर नकारार्थी येईल. मीटर जिन्याखालच्या कोपऱ्यात अथवा कुलूपबंद पेटीत असतो, बिल कार्यालयात किंवा थेट वरिष्ठ कचेरीत जाते, आणि विद्यार्थ्याच्या वाट्याला येते ती केवळ घोषणा. त्याला बचतीचा प्रचारक नेमले जाते. हिशेबनीस मात्र कधीच केले जात नाही. या विसंगतीचा विचार शिक्षणाच्या दृष्टीने होणे आवश्यक आहे.

स्पर्धेतील चित्रांकडे थोडे बारकाईने पाहिले तर ही विसंगती चित्रभाषेतच उमटलेली दिसते. अशा चित्रांचे संकेत आता रूढ झाले आहेत. डोळ्यांतून अश्रू ढाळणारी पृथ्वी, अर्धी हिरवी व अर्धी करपलेली. दोन तळहातांवर तोललेला दिवा. डोंगरामागून उगवणारा सूर्य आणि शेजारी पवनचक्की. यांतील दिवा जवळजवळ नेहमीच काचेच्या फुग्याचा आणि आतल्या तापणाऱ्या तारेचा असतो. २०१५ मध्ये उजाला योजना सुरू झाल्यानंतर एलईडी दिवे स्वस्त झाले, आणि असा तारेचा दिवा कितीतरी घरांतून नाहीसा झाला. ज्या मुलाने तो पेटलेला क्वचितच पाहिला असेल तेही चित्रात मात्र तोच काढते. उलट शाळेत खरोखर वीज खाणाऱ्या वस्तू, म्हणजे दिवसभर फिरणारे जुने पंखे, गच्चीवरची टाकी भरणारा पंप, संगणक कक्षातील वातानुकूलक, यांना चित्रात जागा मिळत नाही. वाङ्मयात उपमान जेव्हा अनुभवापासून तुटते तेव्हा त्याला साचा म्हणतात. ऊर्जाबचतीच्या शालेय चित्रभाषेचे असेच झाले आहे. दोष मुलांच्या कल्पनाशक्तीचा नाही. पाहण्याची वस्तू त्यांच्यासमोर ठेवलीच गेलेली नाही.

या ठिकाणी मराठी भाषा एक विलक्षण सूचना करते. मराठीत 'वाचणे' हे क्रियापद दोन अर्थांनी चालते. पुस्तक वाचले जाते आणि बुडणारा माणूसही वाचतो. या दोन शब्दांचे मूळ एक असो वा भिन्न असो, कानाला ते एकच लागतात. हिंदीत 'पढ़ना' आणि 'बचना' हे स्पष्टपणे वेगळे राहतात. बंगालीत 'पड़ा' आणि 'बाँचा' यांत असा गोंधळ होत नाही. मराठीतला हा योगायोग विजेच्या बाबतीत शब्दशः खरा ठरतो. जी वीज वाचता येते तीच वाचविता येते. ज्या विद्यार्थ्याला मीटर वाचता येत नाही, त्याने दिलेली घोषणा कितीही प्रामाणिक असली तरी आंधळी राहते. आपण काय वाचविले, किती वाचविले, की काहीच वाचविले नाही, हे त्याला कधीच कळत नाही.

विजेचे बिल ही वाचण्यासारखी संहिता आहे, असे म्हटले तर ते कोणास अतिशयोक्त वाटेल. परंतु महाराष्ट्रातील कोणतेही बिल हाती घेऊन पाहावे. त्यात 'मागील रीडिंग' आणि 'चालू रीडिंग' असतात. या दोहोंची वजाबाकी म्हणजे महिन्याचा वापर. 'मंजूर भार' असतो, 'स्थिर आकार' असतो, 'वीज आकार' आणि 'वहन आकार' असतात. स्थिर आकार वापर कमी केला तरी कमी होत नाही. वीज आकार वापराप्रमाणे बदलतो. वहन आकार हा वीज तारांवरून आणण्याचा खर्च असतो. सातवी-आठवीच्या विद्यार्थ्याला समजणार नाही असे यात काही नाही. गणिताचा एक तास, भूगोलाचा एक तास आणि भाषेचा एक तास एवढ्यावर हा पाठ शिकविता येतो. तो शिकविल्यावर मात्र बचतीची चर्चा उपदेशाच्या पातळीवरून हिशेबाच्या पातळीवर येते.

हा हिशेब काय सांगतो ते उदाहरणाने पाहता येईल. एका वर्गात जुन्या धाटणीचे ४ पंखे आणि जुन्या चोकच्या ४ ट्यूब आहेत असे मानावे. पंखा सुमारे ७५ वॅट आणि ट्यूब चोकसह सुमारे ५० वॅट घेते. म्हणजे वर्गाचा भार ५०० वॅट झाला. एक हजार वॅटची उपकरणे एक तास चालली की एक युनिट होते. तेव्हा असा वर्ग रिकामा असताना दोन तास चालू राहिला तर एक युनिट फुकट जाते. अशा २० वर्गांच्या शाळेत मधली सुट्टी, खेळाचा तास, प्रयोगशाळेचा तास मिळून प्रत्येक वर्ग दिवसाकाठी एक तास रिकामा पण चालू राहत असेल तर रोजची १० युनिटे जातात. शाळेचे २०० दिवस धरले तर वर्षाची २,००० युनिटे झाली. कोळशावरील एक युनिट विजेसाठी साधारण ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा जळतो. म्हणजे रिकाम्या वर्गांना वारा घालण्यासाठी वर्षाकाठी १,२०० ते १,४०० किलो कोळसा खर्ची पडतो. बटण बंद करण्याच्या सवयीचे मूल्य एवढे आहे, आणि ते क्षुल्लक नाही.

परंतु हाच हिशेब एक पाऊल पुढे नेला तर निराळेच चित्र दिसते. त्याच वर्गात नव्या प्रकारचे, सुमारे ३० वॅटचे पंखे आणि २० वॅटच्या एलईडी ट्यूब बसविल्या तर भार ५०० वरून २०० वॅटवर येतो. वर्ग दिवसातून पाच तास भरतात असे धरल्यास २० वर्गांचा रोजचा वापर ५० युनिटांवरून २० वर येतो. रोजची बचत ३० युनिटे, म्हणजे बटण बंद केल्याने होणाऱ्या बचतीच्या तिप्पट. तात्पर्य असे की लहान बचत विद्यार्थ्याच्या बोटात आहे आणि मोठी बचत खरेदीच्या निर्णयात आहे. घोषणा मात्र केवळ बोटाला उद्देशून दिली जाते. जो निर्णय शाळेची समिती, संस्थाचालक किंवा जिल्हा परिषद घेते, त्याविषयी विद्यार्थ्याने काही विचारावे अशी अपेक्षाच नसते. पंखा हळू केल्याने वीज वाचते हा समजही असाच तपासून पाहण्याजोगा आहे. जुन्या पेटीसारख्या रेग्युलेटरमध्ये वेग कमी केल्यावर पुष्कळशी वीज त्या पेटीतच उष्णता होऊन जाते. हे ज्या मुलाने स्वतः हात लावून आणि मीटर पाहून ताडले, त्याला घोषवाक्याची गरज राहत नाही.

हिशेबाला आणखी एक अंग आहे. वीज बटणाच्या एका टोकाला प्रकाश होते, पण तिच्या दुसऱ्या टोकाला काय असते हे शाळेतून दिसत नाही. भारतातील विजेचा निम्म्याहून बराच अधिक भाग अजून कोळशापासून तयार होतो. चंद्रपूरची हवा, कोरबा आणि सिंगरौलीच्या खाणी यांचे नाते पुण्या-मुंबईच्या किंवा दिल्लीच्या वर्गखोलीशी तारेने जोडलेले आहे. कोयनेच्या शिवसागर जलाशयाखाली सातारा जिल्ह्यातील गावे गेली. रिहंद धरणाने विस्थापित झालेल्यांपैकी अनेकांना पुढे सिंगरौली परिसरातील खाणी आणि औष्णिक केंद्रे यांसाठी पुन्हा एकदा उठावे लागले. विद्यार्थ्याच्या मनात अपराधभाव उत्पन्न करण्यासाठी हे सांगावयाचे नाही. परंतु बचत ही केवळ पैशांची नसून कोणाच्या तरी जमिनीची, पाण्याची आणि श्वासाची आहे, हे ज्याला कळले त्याची बचत आज्ञापालनापुरती उरत नाही. भूगोलाच्या पुस्तकात धरणे आणि औष्णिक केंद्रे नकाशावरील खुणा म्हणून येतात. शाळेच्या बिलाशी त्यांची गाठ घालून दिली तर त्या खुणा बोलू लागतील.

भारतीय भाषांतील शालेय वाङ्मयात प्रकाशाच्या टंचाईची एक कथा सर्वत्र आढळते, आणि ती या संदर्भात मननीय आहे. रस्त्यावरच्या दिव्याखाली बसून अभ्यास केलेल्या मुलाची ती कथा. बंगालीत ती ईश्वरचंद्र विद्यासागरांविषयी सांगतात, तमिळमध्ये मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झालेल्या मुथुस्वामी अय्यरांविषयी, मराठीत नामदार गोखल्यांविषयी. तपशील बदलतात, बोध एकच राहतो: जिद्दीच्या मुलाला अंधार अडवू शकत नाही. या बोधात तथ्य आहे. पण कथेतील एक गोष्ट सांगणाऱ्यांच्या नजरेतून निसटते. तो मुलगा ज्या उजेडात वाचत होता तो उजेड सार्वजनिक होता. कोणीतरी नगराच्या खर्चाने तो दिवा लावला होता. कथा मुलाच्या गुणाचे कौतुक करते आणि दिव्याच्या व्यवस्थेविषयी मौन पाळते. आजच्या ऊर्जाबचतीच्या शिकवणीतही हेच घडते. व्यक्तीचा सद्‌गुण गायिला जातो, आणि प्रकाश कोणाला मिळतो, कोणाला नाही, त्याचा खर्च कोण ठरवतो, हा व्यवस्थेचा प्रश्न मागे पडतो.

म्हणून 'वीज वाचवा' हे वाक्य सर्व शाळांना एकाच स्वरात सांगणे न्याय्य नाही. ज्या शाळेत वातानुकूलित सभागृह आहे आणि ज्या शाळेत दोन खोल्यांत मिळून एक दिवा व एक पंखा आहे, त्या दोहोंच्या हाती एकच फलक देणे ही एक प्रकारची क्रूर थट्टा आहे. महाराष्ट्राने २००५ च्या सुमारास आणि त्यानंतर काही वर्षे 'भारनियमन' अनुभवले. ग्रामीण भागात दिवसाचे कित्येक तास वीज नसे. परीक्षेच्या दिवसांत मुले रॉकेलच्या दिव्यावर बसत. विजेच्या अभावाला 'नियमन' हा शिस्तीचा शब्द मिळाला, हा भाषेचा आणखी एक चमत्कार. बिल थकल्यामुळे जिल्हा परिषदेच्या शाळांची वीज तोडली गेल्याच्या बातम्याही महाराष्ट्रात वारंवार आल्या आहेत. अशा शाळेतील मुलाला बचतीचा उपदेश करण्यापूर्वी त्याच्या वाट्याची वीज त्याला मिळते आहे की नाही, हे पाहिले पाहिजे.

टंचाईतही जबाबदारी आणि अधिकार यांची सांगड घालता येते, याचे उदाहरण राजस्थानातील तिलोनिया येथे सापडते. अजमेर जिल्ह्यातील या गावी १९७२ साली स्थापन झालेल्या संस्थेने दिवसा गुरे राखणाऱ्या मुलांसाठी रात्रशाळा चालविल्या, आणि पुढे त्या सौर कंदिलांच्या प्रकाशात भरू लागल्या. या शाळांतील मुले आपले प्रतिनिधी निवडून देत आणि त्यांच्या बालसंसदेकडे शाळेच्या सोयींवर देखरेख ठेवण्याचे काम असे. येथे प्रकाश मोजका होता, म्हणून त्याची किंमत सांगावी लागली नाही. महत्त्वाची गोष्ट ही की मुलांकडे काटकसरीचे कर्तव्य आले तेव्हा तक्रार करण्याचा आणि जाब विचारण्याचा हक्कही आला. कर्तव्य आणि हक्क यांची ही जोडी तोडली की उरते ते निव्वळ आज्ञापालन.

सुबत्तेच्या परिस्थितीत हीच जोडी कशी बसविता येते ते पाहण्यासाठी दृष्टी दूर न्यावी लागते. जर्मनीतील हांबुर्ग शहराने १९९४ साली आपल्या शाळांसाठी 'फिफ्टी-फिफ्टी' नावाची योजना सुरू केली. तिचे तत्त्व अगदी सोपे होते. इमारतीत मोठा खर्च न करता, केवळ वागणुकीतील बदलाने शाळेने जेवढी ऊर्जा वाचविली, तिच्या किमतीचा निम्मा हिस्सा शाळेला मिळे आणि निम्मा शहराकडे राही. शाळेच्या वाट्याचा पैसा कसा खर्चावा हे शाळेनेच ठरवावयाचे. या पद्धतीत विद्यार्थी, शिक्षक आणि इमारतीची देखभाल करणारा कर्मचारी यांचा गट बनतो; तो खोल्याखोल्यांतून फिरतो, तापमान मोजतो, दिवे मोजतो, नोंदी ठेवतो. थंडीत खिडकी दिवसभर किलकिली ठेवण्यापेक्षा ती थोडा वेळ पूर्ण उघडून मग बंद केल्यास हवाही शुद्ध होते आणि ऊबही टिकते, असे शोध मुले स्वतः लावतात. ही कल्पना पुढे युरोपातील इतर देशांतील शाळांनीही स्वीकारली.

यावर एक आक्षेप साहजिकच येईल. सद्वर्तनासाठी मुलांना पैशांचे आमिष दाखवावे काय? हा आक्षेप वरवर उदात्त वाटतो, पण तो टिकत नाही. येथे पैसा कोणा मुलाच्या खिशात जात नाही. तो वाचनालयाच्या पुस्तकांकडे, खेळाच्या साहित्याकडे, नव्या दिव्यांकडे जातो. मुख्य म्हणजे मुलांनी केलेल्या श्रमाचे फळ मुलांच्या डोळ्यांसमोर राहते. ज्याने वाचविले त्याला त्याच्या बचतीविषयी बोलण्याचा अधिकार आहे, ही त्यातील मान्यता आहे. भारतातील बहुसंख्य शाळांत वाचविणारा एक आणि बिल भरणारा दुसरा असतो. एखाद्या शाळेने एक हजार युनिटे वाचविली तरी ती रक्कम कोणत्यातरी मोठ्या लेखाशीर्षात विरून जाते; त्या शाळेचा फळा बदलत नाही की दिवा बदलत नाही. अशा व्यवस्थेत उत्साह दोन महिन्यांत ओसरला तर त्याचा दोष विद्यार्थ्यांच्या चंचलपणावर ठेवता येणार नाही.

विद्यार्थ्याच्या हाती नसलेली आणखी एक बाब म्हणजे खुद्द इमारत. शाळेचा ऊर्जावापर पुष्कळ अंशी नकाशा कागदावर उतरतो तेव्हाच ठरून जातो. रवींद्रनाथांनी १९०१ साली शांतिनिकेतनात शाळा सुरू केली आणि तेथे वर्ग झाडांखाली भरू लागले. त्यामागील हेतू निसर्गाशी नाते जोडण्याचा होता, परंतु दिवा आणि पंखा यांवाचून शिकता येते हेही त्यातून सिद्ध झाले. सर्वत्र तसे करता येणार नाही. पावसाळा, उन्हाळा आणि शहरांची दाटी यांचा विचार करावाच लागेल. तथापि उंच छत, समोरासमोर खिडक्या आणि रुंद ओसरी असलेल्या जुन्या शाळांतून दुपारीही दिवा न लावता वाचता येई. उलट नव्या शहरी शाळा काचेने मढविल्या जातात. ऊन आत येते, वारा येत नाही, म्हणून पडदे ओढून दिवे लावले जातात आणि यंत्राने हवा थंड केली जाते. आणि मग त्याच इमारतीत ऊर्जाबचतीची शपथ घेतली जाते.

हवामानाच्या दुसऱ्या टोकाला, लडाखमध्ये, याच्या उलट प्रयोग झाला. तेथील विद्यार्थी-चळवळीतून १९८८ साली उभ्या राहिलेल्या 'सेक्मोल' या संस्थेने लेहजवळ फे गावी जे संकुल उभारले, त्याच्या मातीच्या जाड भिंती आणि दक्षिणेकडे उघडणारी दर्शनी बाजू दिवसाचे ऊन साठवून ठेवतात. बाहेर कडाक्याची थंडी असताना खोल्या इंधनाशिवाय राहण्याजोग्या उबदार राहतात. २०१६ साली मातीच्या वास्तुरचनेसाठीचा आंतरराष्ट्रीय टेरा पुरस्कार या संकुलाला मिळाला. संकुलाची दैनंदिन व्यवस्था विद्यार्थी वाटून घेतात. मैदानी प्रदेशातील शाळांनी लडाखच्या भिंती उचलून आणाव्यात असा याचा अर्थ नाही. घेण्याजोगी गोष्ट इतकीच की, ज्या इमारतीत मुले शिकतात ती स्वतःच एक पाठ असते, आणि तो पाठ तोंडी उपदेशापेक्षा प्रभावी असतो.

शाळेत मिळालेला बचतीचा संदेश मुलांनी घरी न्यावा, अशी अपेक्षा नेहमी व्यक्त होते. येथेही सावधपणा हवा. 'घरी कोण वीज वाया घालवते ते पाहा' असे सांगून पाठविलेले मूल घरातील निरीक्षक होते, आणि त्याची नजर प्रथम स्वयंपाकघरावर पडते. मिक्सर, पाणी तापविण्याचे यंत्र, कपडे धुण्याचे यंत्र ही साधने ज्यांचे कष्ट थोडे हलके करतात, त्या आईला आणि आजीला बचतीचा पहिला भुर्दंड बसतो. वीज वाचली आणि पाटा-वरवंटा परत आला, तर ती बचत एकाच्या खात्यातून दुसऱ्याच्या अंगावर टाकलेली आहे. घरातील विजेचा हिशेब करावयाचा तर त्यात श्रमाचाही हिशेब मांडला पाहिजे. कोणते काम कोण करते, हे विचारावयास मुले शिकली तर ऊर्जेच्या पाठातून त्यांना आणखीही काही मिळेल.

शेवटी असेही म्हटले जाईल की देशाच्या एकूण वापरात शाळांचा हिस्सा तो केवढा! कारखाने, शेतीचे पंप, महानगरांतील उंच इमारती यांच्यापुढे वर्गातल्या चार पंख्यांची काय कथा? हे खरे आहे, आणि म्हणूनच मुलांच्या बचतीला राष्ट्रीय धोरणाचा पर्याय म्हणून पुढे करणे अनुचित आहे. मोठ्यांनी करावयाचे काम मुलांच्या शपथेवर टाकता येत नाही. परंतु हाच विद्यार्थी उद्या कारखान्याचा अभियंता, नगरपालिकेचा सदस्य, शेतकरी किंवा इमारतीचा रचनाकार होणार आहे. त्याने शाळेत मीटर वाचला असेल, बिल उलगडले असेल आणि जुना पंखा का बदलला नाही असा प्रश्न मुख्याध्यापकांना विचारला असेल, तर तो पुढेही तसेच प्रश्न विचारील. केवळ घोषणा दिली असेल तर तो पुढे दुसऱ्यांना घोषणा द्यावयास लावील.

करावयाच्या गोष्टी फारशा अवघड नाहीत. प्रत्येक शाळेने महिन्याचे बिल सूचनाफलकावर लावावे आणि आठवड्यातून एकदा विद्यार्थ्यांनी मीटरची नोंद घ्यावी. नोंद घेणाऱ्या गटात शिक्षकांबरोबर शिपाईही असावा, कारण पंप कधी चालू होतो आणि वर्ग कधी कुलूपबंद होतात हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. दिवे, पंखे किंवा पंप यांची खरेदी ठरविताना या गटाचे म्हणणे ऐकावे. राज्य शासनांनी आणि स्थानिक संस्थांनी, बचतीचा निश्चित हिस्सा त्या त्या शाळेलाच मिळेल असा नियम करावा. ज्या शाळांत पुरेशी वीजच नाही, तेथील विद्यार्थ्यांच्या नोंदींतून हा अभावही आकड्यांत मांडला जावा: किती तास वीज आली, किती तास गेली. तोही ऊर्जेचाच अभ्यास आहे, आणि ती वही अधिकाऱ्यांपुढे ठेवण्याचा हक्क मुलांना असावा.

१४ डिसेंबरचा समारंभ बंद करण्याची आवश्यकता नाही. त्या दिवशी चित्रेही असावीत आणि प्रभातफेरीही असावी. परंतु शपथेच्या जागी विद्यार्थ्यांनी आपल्या शाळेचा वर्षभराचा ऊर्जा-अहवाल मोठ्याने वाचून दाखवावा: किती युनिटे वापरली, किती कमी झाली, कोठे अपयश आले, शाळेने कोणती मागणी मान्य केली आणि कोणती केली नाही. श्रोत्यांत पालक असावेत, संस्थेचे पदाधिकारी असावेत, आणि त्यांच्यापैकी कोणालातरी त्या अहवालास उत्तर द्यावे लागावे.